45 मिनिटांचा ‘ॲक्ट’ कोर्स आणि आमचा गणपतीचा हॉल

ब्रिटनमध्ये मराठी मंडळाचं काम करणाऱ्या प्रत्येकाने दहशतवादी हल्ल्याचा धोका कसा ओळखायचा आणि तेव्हा काय करायचं हे शिकवणारा ‘ॲक्ट अवेअरनेस’ हा ऑनलाइन कोर्स करावा, असं माझं ठाम मत झालं आहे. दहशतवादविरोधी पोलिसांनी तो तयार केला आहे, त्याला पैसे पडत नाहीत, आणि पाऊण तासात तो होतो. दहशतवादापासून बचावाची माहिती देणाऱ्या ‘प्रोटेक्टयूके’च्या साइटवर नाव नोंदवायचं, एकेक भाग बघायचा, मधले प्रश्न सोडवायचे आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. मी मँचेस्टरच्या दक्षिण भागात राहते. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात स्वयंसेवकांची जबाबदारी माझ्याकडे असते. 2025च्या गणपतीआधी मी हा कोर्स केला आणि आमच्या सगळ्या स्वयंसेवकांना करायला लावला.

निमित्त होतं नव्या कायद्याचं. 3 एप्रिल 2025 रोजी इथे ‘मार्टिन्स लॉ’ संमत झाला. ज्या जागी एका वेळी 200 किंवा त्याहून जास्त लोक जमण्याची शक्यता असते, तिथल्या व्यवस्थापनाने हल्ला झाला तर काय करायचं हे आधी ठरवून ठेवायचं, असं हा कायदा सांगतो. 800 किंवा त्याहून जास्त लोक जमतात त्या जागांना नियम आणखी कडक आहेत. अंमल सुरू व्हायला संमतीपासून किमान 24 महिने ठेवलेत, म्हणजे 2027 चा एप्रिल उजाडेल. आमच्या आरतीला साडेतीनशे माणसं सहज होतात. हॉल शाळेचा, त्यामुळे कायद्याची जबाबदारी मुळात हॉल चालवणाऱ्यांची. पण त्या दिवशी दारात उभी असतात ती आमची माणसं. ‘कायदा त्यांना लागू, आपल्याला नाही’ असं म्हणून हात झटकणं मला जमलं नाही.

हा कायदा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो मार्टिन हेट 29 वर्षांचा होता. 22 मे 2017 च्या रात्री मँचेस्टर अरीनात गाण्याचा कार्यक्रम संपून लोक बाहेर पडत असताना स्फोट झाला. 22 जण गेले, त्यांत तो होता. त्याची आई, फिगन मरी, स्वस्थ बसली नाही. तिने दहशतवादविरोध या विषयात एम.एस्सी. केलं, 2024 च्या मे महिन्यात अरीनापासून पंतप्रधानांच्या दारापर्यंत 200 मैल चालत गेली, आणि कायदा करवून घेतला. तिच्याबद्दल मला फार आदर आहे. मुलगा गमावलेली बाई द्वेषाच्या भाषणांऐवजी दारं, जिने आणि पहारेकरी यांबद्दल बोलत राहिली.

आता कोर्सकडे येते. सुरुवातीचा भाग दहशतवाद म्हणजे काय, धोक्याच्या पातळ्या कोणत्या वगैरे माहितीचा आहे. तो ठीक आहे, पटकन उरकतो. खरा माल पुढे आहे: आपल्या जागेतली कमकुवत ठिकाणं ओळखणं, संशयास्पद वागणूक, बेवारस वस्तू, बॉम्बच्या धमकीचा फोन, आणि बंदूक किंवा चाकू घेऊन कोणी आलं तर काय करायचं. प्रत्येक भागात छोटे व्हिडिओ आहेत, आणि मध्येच ‘आता तुम्ही काय कराल?’ असा प्रश्न येतो.

मला त्यात सगळ्यात जास्त आवडली ती त्यामागची दृष्टी, आणि तिचं श्रेय गुन्हेशास्त्राला आहे. नोकरीसाठी म्हणून मी संध्याकाळच्या वर्गांतून गुन्हेशास्त्र थोडंफार शिकले होते, त्यामुळे कोर्स बघताना ओळखीच्या गोष्टी दिसत गेल्या. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी 1979 साली मांडलं होतं की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी याव्या लागतात: करू पाहणारा माणूस, हाताशी आलेलं सावज, आणि राखणदाराची गैरहजेरी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरं दिवसभर रिकामी राहू लागली, टीव्हीसारख्या वस्तू उचलून न्यायला हलक्या झाल्या, आणि घरफोड्या वाढल्या. माणसांची मनं अचानक बिघडली होती असं नव्हे, संधी वाढली होती. पुढे रोनाल्ड क्लार्क आणि ग्रॅम न्यूमन यांनी 2006 मध्ये हीच कसोटी दहशतवादाला लावली. त्यांचं म्हणणं असं की हल्लेखोराला लक्ष्य लागतं, हत्यार लागतं, गाडी, फोन, पैसा अशी साधनं लागतात आणि अनुकूल परिस्थिती लागते. यातलं प्रत्येक काम अवघड करता येतं.

याला आधार आहे. 1972 पर्यंत अमेरिकेत विमानं पळवणं नित्याचं झालं होतं. 5 जानेवारी 1973 पासून प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या सामानाची तपासणी सुरू झाली आणि तिथली अपहरणं झपाट्याने खाली आली. पळवणाऱ्यांचं मतपरिवर्तन कोणी केलं नव्हतं, विमानात पिस्तूल नेणं कठीण झालं होतं. माणूस त्या वाटेला का लागतो, त्याला आधीच कसं परत आणायचं, हाही गुन्हेशास्त्राचाच प्रांत आहे आणि महत्त्वाचा आहे. पण गणपतीच्या हॉलमध्ये उभ्या असलेल्या स्वयंसेवकाच्या हातात तो नाही. दार त्याच्या हातात आहे. कोर्स त्याच्याशी त्याच्या हातातल्या गोष्टींबद्दल बोलतो, म्हणून तो उपयोगी पडतो.

संशयास्पद वागणुकीचा भाग मी दोनदा बघितला, कारण आपल्यासारख्यांना तो फार जवळून लागतो. अरीनाच्या चौकशीत जे बाहेर आलं ते इथे सगळ्यांनी वाचलंय. हल्लेखोर मोठी पाठपिशवी घेऊन वरच्या मजल्यावर अशा कोपऱ्यात जवळजवळ तासभर थांबला होता, जिथे कॅमेऱ्याची नजर पोचत नव्हती. स्फोटाच्या पंधराएक मिनिटं आधी एका पालकाने तिथल्या कर्मचाऱ्याला सांगितलं की हा माणूस मला बरा वाटत नाही. 18 वर्षांच्या सुरक्षारक्षकापर्यंत ती गोष्ट पोचलीही. त्याने साक्षीत सांगितलं की रेडिओवर नियंत्रण कक्षाशी बोलायचा प्रयत्न केला पण लागला नाही, आणि त्या माणसाला हटकलं तर आपल्याला वर्णद्वेषी म्हणतील अशी भीती वाटली. 2021 च्या अहवालात संधी हुकल्याची स्पष्ट नोंद आहे.

हे वाचताना मला दोन्ही बाजू दिसतात. जुलै 2005 मध्ये लंडनच्या भुयारी गाड्यांत आणि बसमध्ये 52 लोक मारले गेले, त्यानंतर गव्हाळ रंगाच्या आणि पाठीला पिशवी असलेल्या प्रत्येकाकडे लोक कसे बघायचे ते आमच्या आधी आलेल्या मंडळींनी सोसलंय. त्याच महिन्यात स्टॉकवेल स्टेशनवर एका निरपराध ब्राझिलियन तरुणाला पोलिसांनी दहशतवादी समजून गोळ्या घातल्या. म्हणजे चेहऱ्यावरून संशय घेतला तरी माणूस मरतो, आणि संशय घ्यायला घाबरलं तरी माणसं मरतात. कोर्सचं उत्तर सरळ आहे: कोण आहे ते बघू नका, काय करतोय ते बघा. उत्सवाचं सोडून आणीबाणीच्या दारांचे, कॅमेऱ्यांचे, पहारेकऱ्यांच्या जागांचे फोटो काढतोय का? पहारा कधी बदलतो अशी चौकशी करतोय का? जिथे थांबायचं काही कारण नाही तिथे थांबलाय का? आणि मग जवळ जाऊन नुसतं विचारा, ‘काही मदत हवी का?’ खरा पाहुणा खूश होतो. टेहळणीला आलेल्याला कळतं की आपल्याला कोणीतरी पाहिलं. हे आमच्या स्वयंसेवकांना लगेच पटलं, कारण दारात उभं राहून ‘या, या, प्रसाद घेतला का?’ म्हणणं हे आपण एरवीही करतोच. त्यात आता नजर आली.

मुंबईच्या माणसाला टेहळणीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. डेव्हिड हेडली 2006 ते 2008 या काळात पाच वेळा भारतात येऊन राहिला, ताज, ओबेरॉय, लिओपोल्ड कॅफे, नरिमन हाऊस, सीएसटी यांची चित्रफीत करत फिरला, बंदरात बोटीतून हिंडला. 26/11 ची सगळी आखणी त्या फेऱ्यांवर उभी राहिली. अमेरिकेत त्याला 2013 मध्ये 35 वर्षांची शिक्षा झाली. हल्ला काही तासांचा किंवा दिवसांचा असतो, तयारी महिनोन्महिने चालते, आणि त्या तयारीत त्याला पुन्हा पुन्हा माणसांमध्ये यावं लागतं. गुन्हेशास्त्र हल्ल्याचे असे टप्पे पाडून बघायला शिकवतं, कारण प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ‘काही मदत हवी का?’ विचारू शकतं.

बेवारस वस्तूंच्या भागाने आमचा तर सणच सुकर केला. तीन प्रश्न शिकवतात: वस्तू मुद्दाम लपवलेली आहे का, तिच्यात वायर, बॅटरी, डाग असं उघड संशय यावा असं काही दिसतंय का, आणि अशी वस्तू त्या जागी एरवी असते का. दुसऱ्या दिवशीच्या आरतीच्या वेळी चपलांच्या रॅकपाशी एक लांबुडकी निळी पिशवी कोणाचीच नाही असं लक्षात आलं. तिथे उभा असलेला मुलगा विद्यापीठात शिकतो. त्याने पिशवीला हात लावला नाही, घाबराघुबराही झाला नाही. भिंतीला टेकवून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलेली. वायर वगैरे काही नाही. आणि रॅकपाशी पिशव्या ठेवणं ही आपली रीतच. त्याने माइकवरून विचारायला सांगितलं, तर ढोल पथकातली एक मुलगी धावत आली. आत टिपरं, ताशाच्या काड्या आणि कमरेला बांधायचे पट्टे. एरवी अशा वेळी एकतर कोणी लक्ष देत नाही, नाहीतर पाच जण मिळून पिशवी उघडून बघतात. संशय पक्का झाला असता तर काय, तेही त्याला पाठ होतं: लहान वस्तूपासून किमान 100 मीटर लांब, मोठ्या वस्तूपासून किंवा लहान गाडीपासून 200, मोठ्या गाडीपासून 400, आणि 15 मीटरच्या आत मोबाइल किंवा रेडिओ वापरायचा नाही.

धमकीच्या फोनचा भाग बघून काही जण म्हणाले, आजकाल असे फोन कोण करतं? मँचेस्टरमध्ये राहून असं म्हणता येत नाही. 15 जून 1996 ला आयआरएने (उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून वेगळं करू पाहणाऱ्या सशस्त्र संघटनेने) इथे भर बाजारात दीड हजार किलोचा बॉम्ब गाडीत ठेवला होता. सुमारे दीड तास आधी फोन आला, पोलिसांनी 75 हजारांच्या आसपास लोक हलवले, आणि शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त होऊनही एकही माणूस मेला नाही. जखमी मात्र 200 च्या वर झाले. म्हणून फोन घेणाऱ्याने काय विचारायचं (कुठे, कधी, दिसायला कसं), वेळ कशी टिपायची, हे शिकून ठेवलेलं बरं.

शेवटच्या भागातला मंत्र म्हणजे पळा, लपा, कळवा. तो आपल्या समारंभांना लावताना मला कोर्समध्ये एक मोठी जागा रिकामी दिसली. व्हिडिओतली माणसं कर्मचारी आहेत: गणवेशातली, एकमेकांना ओळखणारी, रेडिओ असलेली. हा कोर्स तयार करताना मार्क्स अँड स्पेन्सरसारख्या दुकानाचा हात होता, त्यामुळे तो घाट समजण्यासारखा आहे. पण आमच्या हॉलमध्ये आजी असतात, बाबागाडीतली बाळं असतात, नऊवारी नेसलेल्या बायका असतात, आणि साडेतीनशे माणसांच्या चपला मुख्य दाराशी असतात. माणूस संकटात ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे धावतो. आपल्याकडे त्यात चपलांची ओढ मिसळते. हल्लेखोर मुख्य दारातून आला तर सगळी गर्दी त्याच्याच दिशेने जाणार. हे कोर्समध्ये नाही, ते आपलं आपल्याला ओळखावं लागतं, आणि कोर्समधून मिळालेल्या नजरेशिवाय मला ते ओळखता आलं नसतं.

आम्ही मग हॉलच्या काळजीवाहकांना भेटून सगळी दारं पायाखाली घातली. मागच्या दारासमोर घड्या केलेल्या खुर्च्यांची चवड होती, ती हलवून घेतली. कोणती दारं आतून लावता येतात ते विचारून घेतलं, कारण काही प्रसंगी बाहेर पळण्यापेक्षा आत कोंडून घेणं शहाणपणाचं असतं. चपलांचे रॅक दोन्ही बाजूंना वाटून ठेवले. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंकडे एक कागद दिला: ‘सर्वांनी स्टेजच्या डावीकडच्या दाराने शांतपणे बाहेर पडावं. चपला, पिशव्या तशाच राहू द्या. मुलांचा हात धरा.’ मराठीत आणि इंग्रजीत. हे सुचलं ते सीएसटीच्या विष्णू झेंडे यांच्यामुळे. 26/11 ला ते उद्घोषकाच्या केबिनमधून गोळीबार बघत होते आणि माइकवरून प्रवाशांना दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले. असंख्य माणसं त्या आवाजामुळे वाचली. ज्याच्या हातात माइक असतो त्याच्या हातात गर्दी असते.

मंडळाच्या बैठकीत एका काकांनी विचारलं, “अगं, घरचं कार्य आहे आपलं. इथे कशाला कोण येईल? लोक उगाच घाबरतील.” त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि मी त्यावर पुष्कळ विचार केला. भीती पसरवणं हेच हल्लेखोराला हवं असतं, हे खरंच आहे. पण आम्ही पाहुण्यांना काही सांगितलं नाही, तपासणीचं नाटक केलं नाही, दारात पिशव्या उघडायला लावल्या नाहीत. लोकांना दिसलं ते एवढंच की स्वयंसेवक जास्त अगत्याने बोलतायत. त्यानंतर 2 ऑक्टोबरला, योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी, मँचेस्टरमध्येच हीटन पार्कच्या सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर हल्ला झाला. दोन भाविक गेले, त्यांतला एक पोलिसांची गोळी लागून. पण आत जमलेल्यांनी दारं दाबून धरली, त्यामुळे हल्लेखोराला आत शिरता आलं नाही. दार लावणारे ते लोक पूजेला आलेली साधी माणसं आणि तिथले रक्षक होते. काकांनी दुसऱ्या दिवशी फोन करून मला कोर्सची लिंक मागितली.

गुन्हेशास्त्रात या पद्धतीवर एक जुना आक्षेप आहे, की एक जागा बळकट केली की गुन्हा शेजारच्या गल्लीत जातो. काही वेळा जातोही. अरीनातला स्फोट प्रेक्षागृहात झालाच नाही, लोक बाहेर पडतात त्या मोकळ्या भागात झाला. म्हणून आतल्या बंदोबस्ताइतकंच लक्ष बाहेर पडण्याच्या वेळेकडे हवं. आमच्याकडे ही वेळ विसर्जनाची मिरवणूक निघताना येते. सगळे एकदम पार्किंगमध्ये, ढोल सुरू, गाड्या आत-बाहेर. कोर्स याला फारसा स्पर्श करत नाही, आणि मोकळ्या जागेच्या कार्यक्रमांसाठी त्याला जोड लागेल. आम्ही पार्किंगचं फाटक मिरवणूक संपेपर्यंत बंद ठेवलं आणि गाड्या आधी बाहेर काढून घेतल्या. तेवढं आम्हाला करता येण्यासारखं होतं.

दोन तक्रारी. प्रश्न सोपे आहेत, उत्तर बहुतेक वेळा समोर दिसतं, त्यामुळे घाईत केलेल्या माणसालाही प्रमाणपत्र मिळतं. आणि आम्ही केला तो इंग्रजीत, त्यामुळे इथे मुलांकडे आलेल्या ज्येष्ठांना मी त्यातला गाभा मराठीत सांगितला. आरतीच्या तबकापाशी आणि प्रसादाच्या टेबलापाशी सगळ्यात जास्त वेळ तेच असतात, म्हणजे सगळ्यात जास्त त्यांनाच दिसतं. त्यांना वगळून चालणार नाही.

एकट्याने करण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून करा, आणि झाल्यावर लगेच आपल्या हॉलमध्ये एक चक्कर मारा. तातडीला 999. तातडी नसेल आणि काही खटकलं असेल तर दहशतवादविरोधी हॉटलाइन 0800 789 321. 2026 च्या गणपतीसाठी हॉल तोच राहणार आहे. मागच्या दाराची किल्ली उत्सवाचे सगळे दिवस आमच्या स्वयंसेवकांकडे राहील, हे काळजीवाहकांशी बोलून ठरवलं आहे.